दिसणें आणि घेणें

ज्ञान वाढलें कीं विवेकही त्याच्या मागोमाग वाढतो, असें आपण सहसा गृहीत धरून चालतों. पूर्वजांस अमुक एक गोष्ट ठाऊक नव्हती म्हणून ते चुकले; आपणांस ती ठाऊक आहे, तेव्हां आपण चुकणार नाहीं; हा विचार इतका सरळ दिसतो कीं त्याची तपासणी करावी असें कोणास वाटत नाहीं. परंतु कांहीं व्यवहारांत याच्या अगदीं उलट घडतें. मनुष्याला जें ठाऊक नव्हतें तेंच त्याच्या हातून होणाऱ्या नुकसानीस आळा घालीत होतें, आणि तें ठाऊक होतांच तो आळा नाहींसा झाला, असें दिसून येतें. अशा वेळीं अज्ञान परत आणतां येत नाहीं, व आणूंही नये. मग नाहींशा झालेल्या आळ्याच्या जागीं काय ठेवावें, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार एका लहानशा वस्तूच्या निमित्तानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे मासेमारीच्या होडीवर सुकाणूजवळ बसविलेला, हाताच्या दोन पंजांएवढा कांचेचा पडदा.

गेल्या मार्गशीर्षांत मालवणच्या बाजूस आमचें कांहीं दिवस राहणें झालें. तेथील एका गाबीत गृहस्थांच्या ओळखीनें आम्हांस एके दिवशीं पहांटे त्यांच्या होडींतून समुद्रावर जाण्याचा योग आला. होडी लहानच, बाप, लेक आणि दोन खलाशी एवढींच माणसें. तांडेल म्हणजे बाप, वय साठीच्या आंतबाहेर, लेक तिशीचा. सुकाणूजवळ एका लांकडी खोक्यांत तो पडदा बसविला होता, आणि त्यावर उन्हाचा झोत पडूं नये म्हणून पत्र्याची झांपडी केली होती. होडी बंदराबाहेर पडतांच तांडेलांनीं कमरेच्या फडक्याचा एक कोरडा कोपरा हुडकून बोट पुसलें, मग पडदा पुसला, आणि मग पडद्यावर बोट टेंकलें. हा विधि त्यांनीं त्या सकाळीं वीस-पंचवीस वेळां तरी केला असेल. कारण विचारतां लेकानें सांगितलें कीं, ओल्या बोटाला हा पडदा जुमानीत नाहीं. उलट लाटेचा शिंतोडा उडाला तर त्या थेंबालाच तो माणसाचें बोट समजतो आणि नकाशा आपोआप भलतीकडे सरकतो. समुद्रावर वापरण्यासाठीं केलेल्या वस्तूस समुद्राचें पाणी चालूं नये, याचें आम्हांस हंसूं आलें. तांडेलांस तें आलें नाहीं. ज्या वस्तूवर पोट चालतें तिचे रुसवे मनुष्य मुकाट्यानें सोसतो.

पडद्याचे दोन भाग केलेले होते. डाव्या भागांत किनाऱ्याचा नकाशा, आणि त्यावर आमची होडी एका बारीक त्रिकोणाच्या रूपानें सरकत होती. याला चार्टप्लॉटर म्हणतात. उजव्या भागांत होडीखालचें पाणी, समुद्राचा तळ आणि त्यांच्यामधले मासे. हा फिश फाइंडर. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें यंत्र पाहिलें नसेल, म्हणून त्याचें कार्य थोडक्यांत सांगणें जरूर आहे.

पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश होडीवरील यंत्र घेतें. संदेश पोंचण्यास किती वेळ लागला यावरून त्या त्या उपग्रहाचें अंतर निघतें, आणि निदान चार उपग्रहांचीं अंतरें जुळलीं म्हणजे होडीची जागा ठरते. सामान्य लोकांच्या वांट्यास येणाऱ्या या संदेशांत अमेरिकेच्या सरकारनें मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकली. तेव्हांपासून पूर्वीं शंभर मीटरांपर्यंत चुकणारी जागा कांहीं मीटरांच्या आंत येऊं लागली. याचा अर्थ असा कीं, गेल्या सालीं ज्या खडकावर मासे लागले त्याच खडकावर आज काळोखांत किंवा धुक्यांतही होडी नेमकी उभी करतां येते. बोटानें दाबून जागा एकदां साठविली कीं यंत्र ती विसरत नाहीं.

हें काम पूर्वीं होत नव्हतें असें नाहीं. तांडेलांच्या वडिलांनीं तें आयुष्यभर डोळ्यांनीं केलें. किनाऱ्यावरील एखादें देऊळ मागच्या डोंगराच्या खांद्याशीं जुळलें कीं एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूस किल्ल्याचा बुरूज आणि एखादा उंच माड एका ओळींत आले कीं दुसरी. आणि दोन्ही रेघा जेथें छेदतात तेथें पाण्याखालीं खडक. भरतीची वेळ काढण्यास तिथीची पाऊणपट करावयाची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ही विद्या पक्की होती, पण तिला दोन अटी होत्या. एक, किनारा दिसला पाहिजे. धुकें पडलें, रात्र झाली किंवा जमीन क्षितिजाआड गेली कीं खूण नाहींशी होई. माड पडला तर ती कायमची जाई. दुसरी अट अशी कीं, ती शिकण्यास निम्में आयुष्य बापाच्या किंवा चुलत्याच्या शेजारीं बसून घालवावें लागे. हल्लींचा पडदा या दोन्ही अटी काढून टाकतो.

उजव्या भागाचें तत्त्व अधिक चमत्कारिक आहे. होडीच्या तळाशीं बसविलेलें एक उपकरण आपल्या कानास ऐकूं न येणारा ध्वनीचा ठोका खालीं सोडतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर धांवतो. तेव्हां तीस मीटर खोलीवरचा तळ गांठून परत येण्यास त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. या वेळावरून खोली कळते. वाटेंत मासा असला तर त्याच्या अंगावरूनही प्रतिध्वनि येतो. आणि त्यांतील विशेष असा कीं, तो माशाच्या मांसावरून फार थोडा, आणि त्याच्या पोटांतील हवेच्या पिशवीवरून मुख्यत्वेंकरून येतो. ही पिशवी माशास पाण्यांत तोल सांभाळून राहण्यास उपयोगी पडते. घोळ माशाची हीच पिशवी, जिला आमचे कोळी लोक भोत म्हणतात, परदेशीं मोठ्या किंमतीस जाते. म्हणजे ज्या अवयवाच्या बळावर हा मासा पाण्यांत तरतो तोच त्याचा ठावठिकाणा होडीस कळवितो, आणि तोच बाजारांत त्याची किंमत वाढवून त्याच्या जिवावर उठतो. मुशीला अशी पिशवी नसते; म्हणून तिचा प्रतिध्वनि क्षीण येतो. ही विद्या मूळची युद्धांतली. पाणबुड्या हुडकण्यासाठीं दोन महायुद्धांत जी खटपट झाली तिच्यामुळें ती वाढली. आणि १९४८ सालीं जपानांतील नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनीं मासे शोधण्याचें पहिलें व्यवहारोपयोगी यंत्र बाजारांत आणलें. शत्रूसाठीं तयार झालेली नजर अशा रीतीनें माशांकडे वळली.

परंतु पडद्यावर जें दिसतें तें समुद्राचें हुबेहूब चित्र आहे असें समजणें ही मोठी चूक होय. पडद्याची उजवी कड एवढाच वर्तमानकाळ. तिच्या डावीकडे सरकलेलें सर्व कांहीं होऊन गेलेलें असतें. होडी जागीं उभी असून तिच्याखालीं एकच मासा स्थिर राहिला तर पडद्यावर लांबलचक रेघ उमटते, आणि अजाण मनुष्यास ती भलतेंच कांहीं वाटते. ध्वनि खालीं जातांना शंकूसारखा पसरतो. वीस अंशांचा शंकु तीस मीटर खोलीवर सुमारें साडेदहा मीटर रुंद होतो, आणि तेवढ्या वर्तुळांत मासा कोणत्या बाजूस आहे हें साधें यंत्र सांगत नाहीं. तो मासा कोणत्या जातीचा, किती वर्षांचा, त्याच्या पोटांत गाभोळी आहे कीं नाहीं, यांपैकीं कांहींच तें खात्रीनें सांगत नाहीं. नकाशाचीही तीच गोष्ट. सन २०१४ च्या नोव्हेंबरांत जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतील एक शिडाची नौका मॉरिशसच्या ईशान्येस कार्गादोस काराजोस नांवाच्या प्रवाळी खडकांवर रात्रीं आदळली. नौकेवर उत्तम नकाशायंत्रें होतीं, आणि खडकही त्या नकाशांत होते. परंतु ते दिसण्यासाठीं नकाशा जितका मोठा करून पाहावयास हवा होता तितका तो कोणीं केला नव्हता. नऊही माणसें वांचलीं हें दैव. आपल्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांचे खुंट, कोणाच्या वाहून आलेल्या जाळ्याचा दोर, दिवा न लावलेली शेजारची होडी, हें तर कोणत्याच नकाशांत नसतें. आणि रात्रीं उजळ पडद्याकडे टक लावून बसलेल्या मनुष्याच्या डोळ्यांस काळोखांत पुन्हां नीट दिसूं लागण्यास बराच वेळ जातो.

असें असूनही हें यंत्र होडीवर असूं नये, असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आलें तेव्हां अनेक होड्या समुद्रावर होत्या, आणि कित्येक घरांतील माणसें परत आलीं नाहींत. असल्या काळोख्या वेळीं घराची दिशा दाखविणारी रेघ म्हणजे काय, हें ज्यांच्या घरचें माणूस समुद्रावर आहे त्यांस विचारावें. पालघर जिल्ह्यांतील कित्येक खलाशी गुजरातच्या होड्यांवर कामास जातात, आणि पाण्यावर न दिसणारी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगांत त्यांपैकीं अनेकांनीं वर्षें काढलीं आहेत. तेथें नकाशावरील एका रेघेवर एका कुटुंबाचें सुख अवलंबून असतें. शिवाय, मासे हुडकीत वणवण करण्यांत जाळावें लागणारें डिझेल वांचतें. हैदराबादेंतील इन्कॉइस ही १९९९ सालीं स्थापन झालेली सरकारी संस्था उपग्रहांच्या साहाय्यानें समुद्राच्या पृष्ठभागाचें तपमान व हरितद्रव्य पाहून, मासे मिळण्याचा संभव असलेल्या जागा मराठींतही कळविते. तिचा हेतु हाच आहे. घरीं आरामखुर्चींत बसून जुन्या विद्येच्या ऱ्हासाबद्दल उसासे टाकणें सोपें असतें. ती विद्या शिकतांना बुडालेल्यांची गणना त्या उसाशांत नसते.

प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आम्हांस त्या सकाळीं होडींत भेटला. जाळें दोन वेळां टाकून झालें होतें. बांगडे आणि कांहीं सुरमई मिळून दिवस वाया गेला नाहीं इतका माल होडींत आला होता. परतीची वाट धरली असतां एके ठिकाणीं लेकानें इंजिन मंद केलें. पडद्यावर समुद्राचा तळ एकाएकीं उंचावला, आणि त्या उंचवट्याच्या माथ्यावर लाल-पिंवळा दाट डाग उमटला. हा खडक तांडेलांच्या वडिलांस ठाऊक नव्हता, असें आम्हांस मागाहून कळलें. किनाऱ्यावरील कोणत्याही दोन खुणांत तो बसत नव्हता. तीन वर्षांपूर्वीं जातां जातां या पडद्यानेंच तो दाखविला. तेथें तांबोशी आणि गोबरे जमत. पहिल्या वर्षीं एका दिवसांत नुसत्या गळांवर होडी भरली होती. तांडेल पडद्याकडे पाहत म्हणाले कीं, त्या वर्षीं हा डाग याच्या दुप्पट होता. लेक व खलाशी गळांना आमिष लावूं लागले होते. तेव्हां त्यांनीं लेकास विचारलें, “दिसता म्हणान सगळा घेवकच होया काय रे?” लेक क्षणभर थांबला आणि शांतपणें म्हणाला, “बाबा, तुम्ही नाय घेतल्यात तर दुसरो घेतलो.”

या बोलण्यांत उर्मटपणा मुळींच नव्हता. इंजिनाच्या कर्जाचा हप्ता दर महिन्यास भरावयाचा असतो, आणि त्याच बंदरांतील आणखी दोन होड्यांच्या यंत्रांत तो खडक साठविलेला आहे, हें बापलेक दोघांसही ठाऊक होतें. एका खलाशानें नोकरी बदलतांना ती जागा आपल्या बरोबर नेली होती. तांडेल पुढें कांहीं बोलले नाहींत. गळ पाण्यांत गेले. त्या मालांतील एक तांबोशी त्याच दुपारीं आमच्या पानांत वाढली गेली, आणि ती आम्हीं आवडीनें खाल्ली, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कारण या प्रश्नाचा विचार तिऱ्हाइताच्या भूमिकेवरून करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

बापाचा प्रश्न आणि लेकाचें उत्तर, या दोहोंतही तथ्य आहे. प्रथम बापाचा प्रश्न घेऊं. कोंकणांत गांवोगांवीं देवराया आहेत. तेथील झाड तोडावयाचें नाहीं, हा नियम देवाच्या नांवानें पाळला गेला, आणि सभोंवारचे डोंगर उघडे पडले तरी तेवढा तुकडा हिरवा राहिला. समुद्रांतही अशा देवराया होत्या. फक्त त्या राखण्यास कोणी देव नेमलेला नव्हता. ज्या खडकाची खूण कोणास सांपडली नाहीं तो खडक आपोआप राखीव राहिला. किनारा दिसेनासा होण्यापलीकडचें पाणी राखीव राहिलें. धुक्याचे आणि काळोखाचे तास राखीव राहिले. मासा तेथें वाढे, तेथें अंडीं घाली, आणि त्याची संतति आपल्या ओळखीच्या जागीं येऊन आपल्या जाळ्यांत सांपडे. आपल्या आजोबांचा समुद्र भरलेला होता याचें श्रेय आपण त्यांच्या संयमास देतों. संयम त्यांच्या अंगीं असेलही. पण त्यांच्याकडे हा पडदा असता तर तो किती टिकला असता, हें सांगतां येणार नाहीं. त्यांची परीक्षाच झाली नव्हती. आपली होत आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. रिकामें जाळें हा पूर्वीं एक निरोप असे. मासा कमी झाला कीं जाळें रिकामें येई, मनुष्य दुसरीकडे जाई, आणि त्या जागेस विसांवा मिळे. मासे शोधणारें यंत्र हा निरोप अडवून धरतें. दहा थव्यांपैकीं एकच उरला तरी यंत्र त्या एकावर होडी नेऊन उभी करतें. जाळें भरूनच येतें, आणि भरलेल्या जाळ्याकडे पाहून मनुष्यास वाटतें कीं समुद्र भरलेला आहे. ही केवळ कल्पना नव्हे. कॅनडांतील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा सुमारें पांचशें वर्षें पकडला जात होता. १९८० नंतरच्या दशकांत किनाऱ्यालगतच्या लहान होड्यांवरील मच्छीमार सांगूं लागले कीं, मासा कमी आणि लहान होत चालला आहे. परंतु दूरच्या समुद्रावरील मोठ्या जहाजांस तो पूर्वींसारखाच मिळत होता, कारण उरलेला मासा थव्यांनीं एकत्र येत होता आणि त्यांचीं यंत्रें ते थवे अचूक हुडकीत होतीं. सरकारी हिशोबांत या जहाजांच्या आंकड्यांस मोठें वजन होतें. अखेर १९९२ सालच्या २ जुलै रोजीं सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली, आणि तीस हजारांवर लोकांची उपजीविका बुडाली. ती बंदी २०२४ सालीं उठली, तीही थोड्या माशांपुरती. मध्यें बत्तीस वर्षें गेलीं. ज्यांची नजर अधूं होती त्या लहान होड्यांस समुद्राची खरी स्थिति आधीं कळली, आणि ज्यांची नजर तीक्ष्ण होती त्यांस ती शेवटपर्यंत कळली नाहीं, ही या प्रकरणांतील विचार करण्याजोगी गोष्ट आहे. आमच्या तांडेलांनीं पडद्यावरच्या डागाची तुलना तीन वर्षांपूर्वींच्या डागाशीं केली, तेव्हां ते यंत्राला तें सांगावयास लावीत होते जें तें आपण होऊन सांगत नाहीं.

आतां लेकाचें उत्तर. तें ऐकून अपरिग्रहावर प्रवचन देणें सोपें आहे. योगशास्त्रांत अस्तेय आणि अपरिग्रह हे यम सांगितले आहेत, आणि ‘सर्वांनीं सोडलें तरच मी सोडीन’ अशी अट त्यांस घातलेली नाहीं. परंतु त्या खडकावर एकट्या होडीनें अपरिग्रह पाळला असता तर काय झालें असतें? दुसरी होडी त्याच दिवशीं तेथें आली असती, मासे गेलेच असते, आणि हप्ता मात्र या घरचा चुकला असता. एकट्याचा संयम माशाच्या पदरांत न पडतां शेजाऱ्याच्या पदरांत पडला असता. जुन्या अज्ञानाचा एक गुण असा होता कीं, तें सर्वांस सारखेंच बांधीत होतें. न सांपडलेला खडक श्रीमंतास आणि गरिबास, लोभ्यास आणि समाधान्यास, सारखाच न सांपडलेला होता. ज्ञान तसें बांधीत नाहीं. म्हणून लेकास आम्ही दोष देऊं इच्छीत नाहीं.

तथापि त्याच्या वाक्याचा अर्थ त्यानें लावला तेवढाच आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं. ‘दुसरा घेईल’ हें खरें असेल. पण त्यावरून ‘म्हणून मीं घ्यावें’ एवढाच निष्कर्ष निघतो काय? त्यावरून दुसराही निष्कर्ष निघतो, आणि तो असा कीं, ‘म्हणून मीं त्या दुसऱ्याशीं बोललें पाहिजे’. ज्या गोष्टीचा बंदोबस्त एकट्याच्या सद्गुणानें होत नाहीं, ती तेवढ्यानें नीतीच्या कक्षेबाहेर जात नाहीं. ती चार माणसांच्या नीतीची गोष्ट होते. आणि असें चौघांत बसून ठरविणें आमच्या किनाऱ्यास नवीन नाहीं. उत्तर कोंकणांत डोल जाळ्यांच्या खुंटांच्या जागा कोळी गांवांनीं परंपरेनें वांटून घेतल्या आहेत. रापणीचा दोर सगळ्यांनीं मिळून ओढावयाचा आणि मासळीचे वांटे करावयाचे, हा दक्षिणेकडचा रिवाज आहे. पावसाळ्यांत होडी समुद्रांत घालावयाची नाहीं आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच निघावयाचें, हा तर सर्वांचाच. हल्लींचा कायदा पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस मनाई करतो. त्यांत त्या जुन्या रिवाजाचेंच तत्त्व आहे. एल.ई.डी. दिव्यांच्या झोतानें मासे गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारनें २०१७ च्या नोव्हेंबरांत बंदी केली, तिच्या मुळाशींही हाच विचार आहे कीं, माशास दिपवून घेण्याची शक्ति असणें वेगळें आणि तसा अधिकार असणें वेगळें.

येथें कोणी म्हणेल कीं, यंत्र बिचारें तटस्थ आहे. सुरीनें भाजी चिरावी कीं गळा कापावा, हें धरणाऱ्यावर आहे. हा दृष्टांत आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. सुरीनें जग बदलत नाहीं. या पडद्यानें समुद्र बदलला आहे. त्यांतील लपण्याच्या जागा त्यानें काढून घेतल्या आहेत. पडदा वापरणारा मनुष्य सज्जन असो वा दुर्जन, न सांपडलेला खडक आतां राहिला नाहीं, आणि म्हणून काल ज्या गोष्टीस नियमाची गरज नव्हती तिला आज आहे. हा नियम लहान होडीवाल्यानें एकट्यानेंच पाळावा, अशीही अपेक्षा कोणीं करूं नये. त्याच्या हातीं नुसती नजर आली आहे. मोठ्या जहाजांच्या हातीं तीच नजर आणि शंभरपट लांब बाहु आहेत. न्यूफाउंडलंडचा समुद्र लहान होड्यांनीं रिकामा केला नव्हता. आणि आम्ही खाणारे, जे गाभोळीचा मासा मिळाला म्हणून अधिक संतुष्ट होतों आणि बोटभर पिलांचें कालवण मिटक्या मारीत खातों, ते या हिशोबाबाहेर कसे राहणार?

ज्या बोटानें जागा घेण्यासाठीं साठविली जाते त्याच बोटानें ती सोडण्यासाठींही साठवितां येते. यंत्रास दोहोंचा आकार सारखाच. एका बंदरांतील पंधरा-वीस होड्यांनीं बसून अमुक खडकावर अमुक दोन महिने कोणीं जावयाचें नाहीं असें ठरविलें, तर ती रेघ प्रत्येकाच्या पडद्यावर उमटूं शकते, आणि ती कोणीं ओलांडली हेंही कळूं शकतें. जुन्या देवराईस वेस नव्हती, भीति होती. हिला वेस असेल. समुद्रांत अशी देवराई राखावयाची तर आधीं ती कोठें आहे हें ठाऊक असावें लागतें, आणि तें सांगण्याचें काम हा पडदा मनुष्याच्या डोळ्यांपेक्षां चांगलें करतो. हें होईलच असें आम्ही म्हणत नाहीं. कर्जाचा हप्ता थांबत नाहीं, शेजारचें बंदर ऐकेलच असें नाहीं, आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या नौकांस गांवच्या बैठकीचा धाक नसतो. तेथें सरकारचीच गस्त पाहिजे. पण दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

निरोप घेतांना आम्हीं तांडेलांस सहज विचारलें कीं, तो खडक यंत्रांतून पुसून टाकतां येईल काय. ते म्हणाले, पुसतां येईल, दोन वेळां बोट दाबलें कीं झालें. पण माझ्या डोक्यांतून तो कसा पुसणार, आणि पोराच्या? मग त्यांनीं फडक्याचा कोरडा कोपरा हुडकला, पडदा पुसला, आणि दुसऱ्या दिवशींच्या भरतीची वेळ पाहण्यासाठीं बोट टेंकलें. पडद्यावर वेळ उमटण्यापूर्वींच तोंडानें त्यांनीं तिथीची पाऊणपट करून ती आम्हांस सांगितली होती. दोन्ही वेळा जवळजवळ जुळल्या.